बोलती पाळी

थर्मासच्या झाकणाला एका बाजूने चेप होती, आणि त्या चेपेत सकाळचा चहा थेंबभर साचून राहिला होता, मुंगीला अंघोळीला पुरेल इतकाच, आणि म्हातारा त्या थेंबाकडे बघत मनातल्या मनात सुरुवात जुळवत होता : कुणाचाही विश्वास बसणार नाही, बरं का, पण हे झाकण एकदा लांडग्याने चावलंय… छे. लांडगा नको. आज लांडगा, उंट, हिमकडा, सगळ्यांना सुट्टी.

मग झाकण खरं कशाने चेपलं? सुनेच्या हातून मोरीत पडलं असेल. किंवा वरच्या खिंडीत मुनीने, ट्रकवरच्या जोडीदाराने, या झाकणाने काचेवरचा बर्फ खरवडला तेव्हा — की ते दुसरं झाकण होतं? आठवेना. लांडगा मात्र लख्ख दिसत होता. त्याचा डावा कान फाटका होता आणि पुढच्या पायाला काटा लागल्यासारखा तो जरा लंगडत होता. जो लांडगा कधी जन्मालाच आला नाही त्याचा कान दिसतो, आणि पंधरा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा हात, झाकण धरलेला, तो दिसत नाही. ही काय रीत झाली?

“आबा, दुपारी त्या येतील,” आतून सून म्हणाली. “हात जोडून सांगते, त्यांना उंटाचं सांगू नका.”

“का? उंट खरा होता.”

“उंट असेल खरा. पण त्याने गाडीची स्टेपनी खाल्ली ते?”

“अर्धीच खाल्ली.”

एरवी ती हसली असती, रबर कसं पचलं हो त्याला, असं विचारून खतपाणीही घातलं असतं. आज हसली नाही. आज मुनीची मुलगी यायची होती. तिचा फोन सुनेनेच घेतला होता आणि मग पदराने पुसून त्याच्या हातात दिला होता, जणू फोन ओला होता. आई गेली, काका, ती पलीकडून म्हणाली होती. आता बाबांना ओळखणारं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. ते गेले तेव्हा मी इतकीशी होते. मला त्यांचं काहीतरी खरं सांगा. एक सांगितलंत तरी चालेल.

एक! मागायला काय जातं. पोतंभर थापा माग, तोलून देतो. हिमपठारावर हॉर्न वाजवला तर त्याचा आवाज दुसऱ्या दिवशी परत आला, आणि परत आला तो दुसऱ्याच गाडीचा — हे पाहिजे? मिठाच्या वाळवंटात इतकं सपाट की पुढे बघितलं तर स्वतःचं टक्कल दिसायचं — हे? पण खरं एक… त्याने सदरा अडकवला, काठी घेतली आणि तो कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे निघाला. घरात बसून हरवलेली वस्तू सापडत नसली की माणूस आपला बाहेर जाऊन शोधतो, तसा.

गॅरेजमध्ये मिस्त्री एका ट्रकखाली उताणा पडला होता. बाहेर फक्त त्याच्या चपला.

“आज कोणता मुलूख, आबा?” चपलांनी विचारलं.

“आज दुकान बंद. मला एक सांग. माझा जोडीदार कसा गेला, हे मी तुला काय सांगितलंय?”

खाली पाना थांबला. “कोणत्या दिवशी सांगितलेलं?”

“म्हणजे?”

“हिमकडा कोसळला, ते मला आवडतं. त्यात ते गाडी ढकलून तुम्हाला वाचवतात. लांडग्यांचं जरा जास्त होतं, राग मानू नका. आणि एकदा तुम्ही म्हणालात की ते गेलेच नाहीत, तिकडेच कुठे तंबूवाल्यांत लग्न करून राहिलेत.”

“तसं म्हणालो मी?”

“आम्ही पेढे मागितले होते तुमच्याकडे.”

म्हातारा परतला. वाटेत त्याला दोनदा थांबावं लागलं, दम लागला म्हणून नव्हे.

लांबच्या गाड्यांवर दोघे असत. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागच्या फळीवर झोपायचं. पण वरच्या पठारावर झोप कुणालाच माफ नव्हती. तिथे रस्ता दिवसभर सरळ, झाड नाही, घर नाही, कुंपण नाही, रस्ता आणि माळ यांच्यात फरकसुद्धा नाही. डोळ्याला धरायला काही मिळत नाही, आणि चालवणारा उघड्या डोळ्यांनी झोपतो. म्हणून दुसऱ्याने बोलत राहायचं. ही बोलती पाळी. नियम मुनीनेच केलेला, पहिल्याच फेरीत : केबिनमध्ये खरं बोलायचं नाही. खरं ऐकलं की चालवणारा विचारात पडतो, आणि विचारात पडलेला आणि झोपलेला, खड्ड्याला दोघे सारखेच. खाली उतरला की याच माणसाच्या तोंडाला कुलूप. चहासुद्धा बोट दाखवून मागायचा, म्हणून तर सगळ्या ड्रायव्हरांनी त्याला मुनी केला. जे बोलला ते केबिनमध्ये. आणि मी… मला तर तो नियम असा मानवला की गाडी सुटली, दात पडले, बायको गेली, तरी मी केबिनमधून उतरलोच नाही.

खाटेवर पडून छताकडे बघत तो एकेक थाप उचलून बाजूला ठेवू लागला. हिमकडा उचलला. लांडगे हाकलले. तंबूतली नवरी उठवून घालवली. जाताना तिने मागे वळून पाहिलं, बया. खाली काहीच नसलं तर? कांदा सोलत गेलं तर शेवटी हातात डोळ्यांतलं पाणीच उरतं, असं त्याची आई म्हणायची — की हेही त्याने रचलेलं होतं?

मग, अगदी तळाशी, खोकला सापडला.

मुनीचा खोकला. ओला, खोल. फळीवर घोंगडीत गुंडाळलेला मुनी, आणि मी चालवतोय. आणि मुनी सांगतोय, आपल्या घराचं. त्यात एकही विनोद नव्हता. म्हाताऱ्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. कुठेही हशा पिकायला जागा नव्हती. ज्यात विनोद नाही ते मी रचलेलं नाही. मग ते खरं! तो उठून बसला. त्याला हातपाय धुवावेसे वाटले.

ती आली. चाळिशीची, चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढणारी. बसल्या बसल्या तिने त्याच्या डोळ्यांकडे असं पाहिलं की आता अक्षरं वाचायला लावते की काय. सुनेने चहा ठेवला आणि दारातच उभी राहिली, राखणदारासारखी.

“थापा नाही मारणार,” तो म्हणाला, आणि मग केबिनमधला नियम तिला सगळा सांगितला, म्हणजे पुढचं वेगळं उठून दिसावं. “पण हे खरं आहे. पठारावर होतो. सकाळी चौकी मागे टाकली होती, तिथे डॉक्टर असायचा. पुढे पंपापर्यंत काही नाही. तुझ्या बाबांचा खोकला वाढला. मी म्हटलं, वळवू का? तर म्हणाला, ‘छे, मला बरं वाटतंय. चल तू पुढे.’ आणि तुझं सांगायला लागला. घरामागे नदी आहे म्हणाला. पायरीवरून माझी पोर उडी मारते, मासोळीच ती. मी घरी गेलो की तशीच ओली धावत येते, गळ्यात पडते, माझा शर्ट भिजतो. तो वाळू देत नाही मी, तसाच गाडीवर येतो… असं म्हणाला. मग गप्प झाला. मला वाटलं, झोप लागली. पंपावर दार उघडलं, तेव्हा पंपवाल्याने टोपी काढली.”

चहावर साय धरली. सुनेने डोळ्याला पदर लावला होता. मुलीने लावला नव्हता.

“काका,” ती हळूच म्हणाली, “हे खोटं आहे.”

“नाही गं बाळ. बाकी सगळं असेल. हे नाही. तुझ्या गळ्याची—”

“आमच्या घरामागे नदी नव्हती. गोदामाची भिंत होती. मला अजून पोहता येत नाही. आणि बाबा घरी आले की मी धावत नव्हते जात. मला ओळख नसायची त्यांची. मी आईच्या मागे लपायचे.”

आधी त्याला, काय सांगावं, मुनीचा हेवाच वाटला. काय थाप होती! विनोद नाही, उंट नाही, नुसतं पाणी आणि एक शर्ट, आणि म्हाताऱ्याने ती आज खरी म्हणून तळातून काढली… मुनी तरी कशाला बोलत होता तेव्हा, छाती फुटत असताना? मी चालवत होतो. पठार होतं. मी झोपू नये म्हणून. त्याची पाळी होती, आणि त्याने ती केली. केबिनमध्ये.

केबिनमध्ये.

मुलगी काहीतरी विचारत होती, काका, मी बोलायला नको होतं का; सून पाणी घेऊन येत होती; आणि म्हातारा नदीच्या जरा अलीकडे जाऊन उभा राहिला होता, त्या आधीच्या वाक्यापाशी, ज्याच्याकडे त्याने आजवर वळून पाहिलं नव्हतं, कारण त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. मला बरं वाटतंय. चल तू पुढे. डावीकडे माळ, उजवीकडे माळ, झाड नाही, कुंपण नाही, आणि गाडी वळवायला वाटेल तिथे जागा.