उतरवणारा

वहिनीचा फोन आला तेव्हा तो नुकताच क्रेनवरून खाली आला होता. "तुमच्या दादांचं काही खरं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, दोन दिवस. सारखं तुमचंच नाव घेतायत."

आईवडिलांमागे दादानंच त्याला वाढवलं होतं. बंदरातल्या क्रेनवर पहिल्यांदा शेजारी बसवलं तेही दादानंच. "लोखंड आहे म्हणून रेटू नकोस, हळू घे," एवढंच शिकवलं होतं.

समुद्रात तेलाची विहीर खणणाऱ्या त्याच्या जहाजावर दोनशे माणसं होती, पण क्रेन चालवणारे दोघंच. दिवसा हा, रात्री एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे मिशीवालेच म्हणत. धुक्यामुळे हेलिकॉप्टर तीन दिवस फिरकलं नव्हतं. सकाळी सामानाची बोट येणार होती. तिनं घरी जायची कॅप्टननं त्याला परवानगी दिली.

"बिनघोर जा," मिशीवाले म्हणाले. "कापसासारखा उतरवतो तुला. दोन-चार दिवस दोन्ही पाळ्या मी ओढतो."

सकाळी तो बॅग भरून डेकवर आला, तर मिशीवाल्यांना स्ट्रेचरवर आणलेलं. चेहरा राखेसारखा, छातीवर हात. जहाजावरचा डॉक्टर म्हणाला, "हार्ट अटॅक आहे. आत्ताच्या आत्ता किनाऱ्यावर न्यायला हवं."

बोट खाली हेलकावे खात उभी होती. माणसांना तिच्यात उतरवायचं ते क्रेनला टांगलेल्या जाळीच्या टोपलीतून. कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिला. आता क्रेन चालवणारा तो एकटाच उरला होता.

त्यानं बॅग तिथेच ठेवली आणि शिडी चढून केबिनमध्ये जाऊन बसला.

लाट बोटीला वर उचलायची, मग एकदम खाली सोडायची. मिशीवाल्यांना घेतलेली टोपली त्यानं तीनदा अर्ध्यावर थांबवली. चौथ्यांदा बोट वर येताना टेकवली. आवाजसुद्धा झाला नाही. खालून कुणीतरी अंगठा दाखवला. बोट धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली, तरी त्याचे हात दांड्यांवरून निघेनात.

दादा त्याच दुपारी गेला.

बदली माणूस यायला नऊ दिवस लागले. मधे मिशीवाल्यांच्या बायकोचा फोन आला होता. "तुमच्यामुळे वाचले हो," म्हणून ती रडली. फोन ठेवून तो पुन्हा क्रेनवर चढला.

घरी पोचला तेव्हा वहिनी कपाटातून दादाचे शर्ट काढून ठेवत होती. त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता.

"त्यांना मुलं आहेत?" तिनं विचारलं.

"दोन."

"मग ठीकच केलंत," ती म्हणाली. पण त्याच्याकडे बघितलं नाही. पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तो बराच वेळ बसून होता. दार उघडलं नाही.