चार बोटांचा लेप

माझ्या पुतणीने जुन्या तुरुंगाचं वाचनालय करायला घेतलं, तेव्हा भिंतींवरचा मजकूर वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर ग्रंथपाल होतो, जीर्ण कागद वाचायची सवय आहे, एवढीच माझी लायकी. दुसरं कुणी मिळालं असतं तर मी सुटकेचा निःश्वास सोडला असता.

तिचा आराखडा साधा होता. दगडी भिंती हिवाळ्यात खोलीतली सगळी ऊब पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक भिंतीला आतून चार बोटं जाडीचा, चुना आणि तागाच्या भुशाचा लेप. खिडक्यांना दुहेरी काचा, छताला झरोके. निम्म्या विजेत वाचनालय चालेल असं ती म्हणे. कैद्यांनी कोरलेलं सगळं लेपाखाली जाणार होतं. ते मी आधी उतरवून घ्यायचं, आणि उघडी ठेवायची एक भिंत सुचवायची.

"एकच?" मी विचारलं.

"एका भिंतीतून गळणारी ऊब छतात भरून काढीन, काका. दुसरी मागू नका."

लेप कालवणारा गवंडी हसला. "एवढी ऊब तेव्हा असती ना, तर सुटका झाली तरी कुणी बाहेर पडलं नसतं!"

पुतणी हसली नाही. तिचे वडील, माझा दादा, याच तुरुंगात न्यूमोनियाने गेला. ती तेव्हा चार वर्षांची होती.

"बाबांचं काही सापडलं तर तीच भिंत ठेवायची," ती म्हणाली. "आईला तेवढंच हवंय."

दादा आत गेला तो माझ्या साक्षीने. कारखान्याला आग लागून दोन माणसं जळाली होती. आदल्या दिवशी मालकाला धमकीची चिठ्ठी आली होती. कोर्टात ती माझ्या हातात दिली. प्रत्येक अक्षरावर वेगळी, तुटक शिरोरेघ. दादा तशीच काढायचा.

"दादाचं अक्षर वाटतं," मी म्हणालो.

"वाटतं की आहे?" वकील ओरडला.

"आहे."

त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की मी ती चिठ्ठी मनात पुन्हा वाचली नाही. वहिनीचं म्हणणं एकच, अक्षर यांचं नव्हतंच. त्या एका वाक्यावर तिने मुलगी वाढवली. माझ्याशी बोलणं तोडलं नाही, कामापुरतं ठेवलं.

नवव्या दिवशी एका कोठडीत, जमिनीलगत, बॅटरी तिरकी धरल्यावर जुन्या सफेदीखालून ओरखडे वर आले. बसून, मग जवळजवळ आडवा होऊन मी वाचलं: 'धाकट्याला सांगा, चिठ्ठी माझीच होती. तो खोटं बोलला नाही.'

शिरोरेघा तुटक होत्या.

आधी आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. मग वाटलं, धाकटा घराघरात असतो. दगडावर खिळ्याने लिहिलं तर कुणाचीही रेघ तुटेल. हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं आसुसलो होतो. माझ्या डोळ्यांवर मी कसा विश्वास ठेवायचा? आणि खरंच दादाचं असलं, तर ती दोन माणसं त्याच्या माथी येत होती. वहिनीकडे काय उरणार होतं?

"काका, काही मिळालं?" पुतणी दारात होती. ती शेजारी वाकली. बॅटरी माझ्याच हातात होती. मी ती पहिल्या शब्दापुढे सरकवली नाही.

"धाकट्याला..." तिने वाचलं. "पुढे?"

"पुसट आहे."

"बाबांचं अक्षर आहे?"

"नक्की सांगता येत नाही."

"नक्की नको. वाटतं तरी का?"

मला वकील आठवला.

"नाही," मी म्हणालो.

कार्डावर मी 'अस्पष्ट' असं लिहिलं. उघडी ठेवायला दुसऱ्या कोठडीतली भिंत सुचवली. तिथे कुणा चोराने शिडाची होडी कोरली होती. सगळ्यांना ती आवडली. आठवड्याभरात गवंड्याने बाकीच्या भिंती गुळगुळीत करून टाकल्या.

उद्घाटनाला वहिनी काठी टेकत आली. तिची नजर गेल्याला तीन वर्षं झाली. भाषणं चालू असताना ती माझ्या बाजूला येऊन म्हणाली, "मला त्या कोठडीत न्या."

तिथे आता पुस्तकांची कपाटं होती, एक बाक होतं. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि आत कुणाच्याही अंगावर कोट नव्हता. वहिनीने तळवा भिंतीवर ठेवला.

"गार लागत नाही."

"नाही, वहिनी."

"धाकट्याला, असं लिहिलेलं होतं म्हणे. पोरगी सांगत होती."

"हो. पुढचं पुसट होतं."

"हे तुम्हाला धाकट्याच म्हणायचे." तिने काठी बाकाला टेकवली. "त्या दिवशी कोर्टात चटकन ओळखलंत, भावजी. एकदा माझ्यासाठी ओळखता आलं नाही?"

बाहेर टाळ्या वाजल्या. वहिनी भिंत चाचपत राहिली, खांद्याच्या उंचीवर, डावीकडून उजवीकडे. मजकूर खाली होता, तिच्या घोट्यापाशी.

तेवढंही मी सांगितलं नाही.