दुकान रशियाचं, उंबरठा अमेरिकेचा

मी एक खुर्ची बोलतेय. सिंहासन नव्हे, न्हाव्याची खुर्ची. माझ्यावर बसलेला माणूस मान मागे टाकतो, गळा उघडा करतो आणि हातात वस्तरा घेतलेल्या परक्या माणसासमोर डोळे मिटतो. सिंहासनावरच्या कोणी कोणावर एवढा विश्वास टाकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सॅक्सनीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ओतीव लोखंडाचा पाय, चिनी मातीचे पांढरे हात, अंगावर काळं कातडं आणि गर्रकन फिरायची सोय. १९२८ साली बर्लिनच्या अल्विन प्रोख्नोने मला दुकानात आणलं. अल्विन एका पायाने लंगडा आणि स्वभावाने भित्रा. हात मात्र इतका हलका की गिऱ्हाईक दाढी होता होता घोरायला लागे. त्याची बायको ट्रूडे टॉवेल धुवायची आणि त्याच्या वाटचंही बोलायची. दोघं दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत.

मग अशी वर्षं आली की गल्लीतले निम्मे पुरुष नाकाखाली एकाच मापाची चौकोनी मिशी मागू लागले. अल्विन मुकाट्याने कोरून द्यायचा. पुढे लढाई झाली, शहराचा विटांचा ढीग झाला, आणि १९४५च्या मे महिन्यात तेच पुरुष मागच्या दाराने धावत आले. "उडव, अल्विन, लवकर उडव!" एका सकाळी नऊ मिशा उतरल्या. ट्रूडेने त्या केरसुणीने गोळा केल्या, सुपलीत पाहिल्या आणि म्हणाली, "एवढ्याशा केसांपायी एवढं शहर घालवलंत."

नऊही जण वरचा ओठ चोळत मागच्या दाराने निघून गेले. बोलायला आता मिशीही नव्हती.

दहावं गिऱ्हाईक पुढच्या दाराने आलं. धुळीने माखलेला रशियन कॅप्टन, येगोर लापशिन. ट्रूडे तळघरात कोळशामागे लपली. कॅप्टनने पिस्तूल काढून आरशासमोर ठेवलं आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "दाढी. साफ. गळा नको कापू, चार वर्षं सांभाळला." अल्विनचे दात वाजत होते, वस्तरा मात्र हलला नाही. दाढी झाल्यावर कॅप्टनने गालावरून हात फिरवला, काळ्या पावाची अख्खी लादी टेबलावर ठेवली आणि तळघराच्या दाराकडे बघून म्हणाला, "बाईला सांग, वर ये. कोळसा खाऊन पोट नाही भरत."

दोन महिन्यांनी अमेरिकन आले आणि जेत्यांनी शहर वाटून घेतलं. नकाशावर पेन्सिल फिरवणाऱ्याने आमच्या गल्लीत ती घरांच्या भिंतीला चिकटून ओढली. घरं रशियाच्या वाट्याला गेली, समोरचा फुटपाथ अमेरिकेच्या. म्हणजे मी रशियात, आणि माझ्याकडे यायचा उंबरठा अमेरिकेत. नाक्यावरच्या दारूच्या गुत्त्यात पत्ते वाटतानाही माणसं यापेक्षा जास्त विचार करत.

त्या उंबरठ्यावरून पहिला अमेरिकन आत आला तो लेफ्टनंट डेल्बर्ट हॉस्किन्स. ताडमाड उंच, सतत काहीतरी चघळणारा. लापशिन तेव्हा दारातच उभा होता.

"तू बस," लापशिन म्हणाला. "पाहुणा आहेस."

"छे छे, बर्लिनला तू आधी पोहोचलास. तू बस."

"मी बसलो तर तू उभा. बरं दिसत नाही."

शेवटी लापशिनने त्याला खांदे धरून माझ्यावर दाबलं आणि असं जोरात फिरवलं की हॉस्किन्सच्या तोंडातला च्युइंगगम आरशावर जाऊन चिकटला. दोघं पोट धरून हसले. बाटली निघाली. लापशिनने गावाकडच्या मधमाश्यांच्या पेट्यांचं वर्णन केलं, हॉस्किन्सने बायकोचा फोटो दाखवला. जगात पुन्हा लढाई होणार नाही, यावर त्यांचं तीन वेळा एकमत झालं. चौथ्या वेळी बाटली संपली होती.

दीड वर्ष असं गेलं. मग वरच्या लोकांचं बिनसलं. कशावरून, ते मला खुर्चीला कसं कळणार? कधी लोक म्हणत युरोपावरून, कधी म्हणत बाँबवरून, कधी नव्या नोटांवरून. मला एवढंच दिसलं की एका सकाळी दोघं पुन्हा दारात समोरासमोर आले आणि या वेळी दोघंही म्हणाले, "मी आधी."

"दुकान आमच्या हद्दीत आहे," लापशिन म्हणाला.

"पण त्यात शिरायला पाय आमच्या हद्दीत ठेवावा लागतो," हॉस्किन्स म्हणाला.

अल्विन वस्तरा घेऊन मध्ये थिजला. ट्रूडे टॉवेल झटकत पुढे आली. "सोम, बुध, शुक्र रशिया. मंगळ, गुरू, शनी अमेरिका. रविवारी मी घरी असते, तेव्हा जगाने खुशाल भांडावं. आता दोघंही निघा, गल्लीतली माणसं खोळंबलीत."

जगातले सगळे करार मोडले, पण ट्रूडेचा हा करार सव्वा वर्ष टिकला.

मग एका सोमवारी लापशिन साबणाखालून हळूच म्हणाला, "उस्ताद, तो उंच माणूस इथे काय काय बोलतो? मला नको रे ते. वरून विचारतात." मंगळवारी हॉस्किन्सनेही घसा खाकरला. "मिस्टर प्रोख्नो, तो रशियन काय बोलतो हो? मला व्यक्तिशः काही पडलेली नाही. वरिष्ठांना हवंय."

अल्विनने त्या दिवशी कोबीच्या सुपाची वाटी बाजूला सारली. "ट्रूडे, दोघांनी मला एकच काम सांगितलंय. नाही म्हटलं तर दुकान जाईल. हो म्हटलं तर मान जाईल."

"मग असं सांग की ज्याने कोणाचंच काही जाणार नाही."

अल्विनने तसंच केलं. हॉस्किन्सला सांगितलं, कॅप्टनची दाढ दुखते. लापशिनला सांगितलं, लेफ्टनंटची सासू येणार आहे. दोघांनी ते गंभीर चेहऱ्याने टिपून घेतलं. पुढच्या आठवड्यात दाढीचा साबण आणि कॉफी बक्षीस आली, दोन्ही बाजूंनी. ट्रूडे हसून हसून टॉवेलांवर आडवी झाली. मलाही गंमत वाटली. लाज वाटते सांगायला, पण वाटली.

मग एक दिवस लापशिन मान मागे टाकून थकल्या आवाजात म्हणाला, "पुरे झालं, उस्ताद. घरी जावं. पेट्या सांभाळाव्यात. मधमाशी डसते, पण निदान का डसली ते कळतं." अल्विनने मंगळवारी हेही सांगून टाकलं. त्यात काय होतं? एका माणसाला घरची आठवण आली, एवढंच.

वरिष्ठांच्या कागदावर मात्र ते काही वेगळंच होऊन उतरलं असणार. कारण शनिवारी हॉस्किन्सने कॉफीचा एक डबा आणला. "कॅप्टनला माझ्याकडून भेट द्या. जुन्या दोस्तीखातर." त्याने अल्विनच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

सोमवारी लापशिन आला तो एकटा नाही. त्याच्याबरोबर नवा मेजर होता, इस्त्री केलेला, डाव्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नखं बघणारा. अल्विनने लापशिनच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वस्तरा फिरवला. तेवढ्यात ट्रूडेने, काही ठाऊक नसल्यामुळे, फळीवरचा डबा कॅप्टनच्या मांडीवर ठेवला. "लेफ्टनंटसाहेबांनी दिलाय हो तुम्हाला."

लापशिन खूश झाला. झाकण उघडून त्याने नाक आत घातलं. मग त्याचं बोट कॉफीत रुतलं आणि बाहेर येताना घडी घातलेला एक कागद घेऊन आलं.

मेजर स्टुलावरून उठला.

मेजरने हात पुढे केला. कागद वाचला. "आमच्याकडे या, असं लिहिलंय. घराची, नोकरीची सोय करतो म्हणतात. कधीपासून चाललंय, कॅप्टन?"

"मला माहीत नाही."

"आणि न्हाव्याला?"

"त्याला कशाला ओढता? तो दाढी करतो," लापशिन म्हणाला. मग अल्विनकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "उस्ताद, दुसरा गाल राहिला."

"राहू दे," मेजर म्हणाला. "उठा."

अर्धा चेहरा तुळतुळीत आणि अर्ध्यावर साबण, असा तो माणूस माझ्यावरून उठून मागच्या दाराने गेला. त्याच्या मागून लंगडत अल्विनलाही नेलं. मंगळवारी हॉस्किन्स उंबरठ्यापर्यंत आला. आत एकटी ट्रूडे उभी होती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला. महिन्याभरात त्याला बढती मिळून मायदेशी पाठवल्याचं कळलं.

शहराचा पश्चिम भाग त्याच, १९४८च्या उन्हाळ्यात रशियनांनी कोंडला. रस्ते बंद, रेल्वे बंद. अमेरिकन विमानं डोक्यावरून कोळसा आणि बटाटे घेऊन जाऊ लागली. तीन वर्षांपूर्वी हेच लोक हेच शहर वरून जाळत होते, आता वरूनच त्याला जेवू घालत होते. खाली ट्रूडेने वस्तरा हातात घेतला. पहिल्या आठवड्यात तिने तीन कान कापले. चौथा माणूस बसताना कुरकुरला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या हातूनच करायचीय? मग सांगा मला, कुठे ठेवलंय त्याला." त्याने मान मागे टाकली. हळूहळू तिचा हात बसला.

अकरा महिन्यांनी अल्विन परत आला. माझ्या हाताला धरून बराच वेळ उभा राहिला. मग सवयीने वस्तरा उचलला आणि तो थरथरू लागला. जन्मभर फक्त हाताने धीट असलेला माणूस, त्याचे हातच काढून घेतले होते.

"काय विचारत होते?" ट्रूडेने विचारलं.

"कॅप्टन काय बोलायचा ते."

"मग?"

"म्हटलं, दाढी करताना कोणी बोलतं का? रोज विचारायचे, रोज तेच सांगितलं." त्याने वस्तरा तिच्या हातात दिला. "पण आधी जे बोललो होतो ते कुठे परत घेता येतं, ट्रूडे? गरज नसताना बोललो."

त्यानंतर बारा वर्षं ती दाढ्या करी आणि तो टॉवेल धुवी. सोमवार आला की तो दाराकडे बघायचा.

१९६१च्या ऑगस्टात गल्लीत तारा आल्या आणि पाठोपाठ गवंडी. महासत्तांना आता माझा उंबरठाही सहन होईना. पुढचं दार विटांनी बुजवायला घेतलं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि खाली अमेरिकेच्या फुटपाथवर आगबंबवाले जाळं धरून उभे.

"चल," ट्रूडे वरून ओरडली. "उद्या खिडकीही बुजवतील."

अल्विन खाली माझ्याजवळ होता. "आणि खुर्ची?"

"खुर्ची गेली खड्ड्यात! एकसष्ट वर्षांच्या लंगड्याला उडी मारायचीय, ते बघ आधी."

त्याने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि तो जिना चढला. वर लाकूड करकरलं, बाहेर लोक ओरडले, मग टाळ्या ऐकू आल्या. दोनदा. गवंडी शेवटच्या विटा लावत होता तेव्हा फटीतून मला ट्रूडेचा आवाज आला, "अरे, चांगला पाय मोडलास ना!" म्हणजे दोघं जिवंत होते. मग वीट बसली.

पुढची अठ्ठावीस वर्षं मी सीमेवरच्या शिपायांच्या बराकीत काढली. भिंतीवरून कोणी पळू नये म्हणून पहारा देणारी ती पोरं माझ्यावर बसून पलीकडचे केस कसे कापतात ते कुजबुजत विचारायची.

भिंत पडल्यावर लोकांनी तिचे तुकडे नेले आणि माझा भाव एकदम वाढला. शहरात दोन नवी संग्रहालयं निघाली होती. एक म्हणे स्वातंत्र्याचं, दुसरं म्हणे इतिहासाचं. दोघांनाही 'महासत्तांच्या हेरांची खुर्ची' हवी होती. एक म्हणे दुकान ज्यांच्या हद्दीत खुर्ची त्यांची, दुसरं म्हणे उंबरठा ज्यांचा खुर्ची त्यांची. प्रकरण कोर्टात गेलं. चार माणसांनी मला उचलून तिथे नेलं. पुरावा म्हणून एका बाजूने अमेरिकेच्या आणि दुसऱ्या बाजूने रशियाच्या जुन्या फायली आणल्या. साक्षीदार म्हणून ट्रूडे आली. शहाऐंशी वर्षांची, काठी टेकत, एकटी. अल्विन जाऊन वीस वर्षं झाली होती.

वकिलाने वाचायला सुरुवात केली. "रशियन सैन्यात दंतवैद्यांचा तीव्र तुटवडा, असे विश्वसनीय सूत्राकडून समजते." कोर्ट हसलं. दुसऱ्या वकिलाने वाचलं, "अमेरिकेतून 'सासू' या सांकेतिक नावाची व्यक्ती लवकरच दाखल होणार. सर्व ठाण्यांना सावध करावे." न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले. ट्रूडेही हसत होती.

मग पहिला वकील वाचू लागला, "कॅप्टन ल. सैन्याला कंटाळला असून फितूर होण्याच्या तयारीत. डब्यातून निरोप पोहोचवला. निरोप पोहोचणे अथवा पकडला जाणे, दोन्ही आपल्या फायद्याचे."

ट्रूडेचं हसू थांबलं. तिने काठी उचलली. "थांबा. पुढे वाचा."

"पुढे दुसरं प्रकरण आहे, आजी."

"मग तुमच्या फायलीत बघा," ती दुसऱ्या वकिलाला म्हणाली. "तुम्ही नेलंत ना त्याला? पुढे काय झालं त्याचं?"

त्याने पानं उलटली. पहिल्यानेही उलटली. एका बाजूला सहाशे पानं, दुसऱ्या बाजूला सातशे. आमच्या आरशाचं माप होतं, अल्विनच्या साबणाचा वास कोणता तेही होतं. बराच वेळ कागदांचा आवाज येत राहिला. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंचं प्रथमच एकमत झालं.

"माझा नवरा हेच विचारत मेला," ट्रूडे म्हणाली. "खुर्ची कोणीही न्या."

ती त्याच हिवाळ्यात गेली. खटला अजून चालू आहे. मी कोर्टाच्या गोदामात, पाठीला नंबर चिकटवलेली, उंदरांना जागा देऊन उभी आहे.

निकाल कोणाच्याही बाजूने लागो, माझी तक्रार नाही. माझ्याशेजारी पाटी लावाल, तीवर हेर, गुपित, महासत्ता, हवे तेवढे मोठे शब्द लिहा. लोक फोटो काढतील. फक्त सगळ्यात खाली येगोर लापशिन हे नाव लिहा, आणि त्यापुढची ओळ कोरी सोडा. तुमच्या तेराशे पानांत ती भरायला कोणालाच जमलेलं नाही.