शेजारीण झोपली की...

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे आणि खरं सांगायचं तर माझा कोणावरच विश्वास उरलेला नाही. दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रीजमध्ये मी तापमान मोजते. नर्सबाईंनी ठरवून दिलेल्या आकड्यापलीकडे ते गेले की भोंगा वाजवायचा, हे माझे काम. सुरुवातीला त्या माझे फार कौतुक करत.

पण एकदा फ्रीज तापला आणि मी गप्प राहिले. लहान मुलांच्या लसी वाया गेल्या. काही दिवसांनी पुन्हा तेच. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मला मात्र शेजारणीचा, म्हणजे फ्रीजच्या दारावरचा आकडे दाखवणारा पडदा सांभाळणाऱ्या चिपचा, दाट संशय होता. समोर कोणी नसले की वीज वाचवायला तिला झोपवतात. ती उठेपर्यंत माझी पाटी कोरी! नर्सबाईंचा आकडाच मला आठवत नसे; ती उठली की कंप्यूटर तो मला पुन्हा सांगे. तपासणारे समोर उभे राहत, त्यामुळे ती टक्क जागी आणि माझे कामही चोख. मग सांगणार कोणाला?

शेवटी दुरुस्तीवाले काका चिपचे टाके वितळवायची तापलेली सळई घेऊन आले.

"कामातून गेलीय ही. काढूनच टाकतो."

माझी तर घाबरगुंडी उडाली.

"काका, थांबा जरा," ड्रायव्हर लिहिणारी ताई म्हणाली. ड्रायव्हर म्हणजे आम्हाला कसे वागवायचे, ते कंप्यूटरला सांगणारा प्रोग्रॅम. आम्हा दोघींचे ड्रायव्हर तिचेच, म्हणून माझा तिच्यावरही संशय होता. तिने माझ्या रीसेटच्या, म्हणजे सगळं पुसून पुन्हा सुरू करायच्या, तारेला मीटर लावला आणि काकांना घेऊन खोलीच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. थोड्या वेळाने पडदा विझला आणि मीटरचा काटा धाडकन खाली आला.

"अगं बाई! दोघींना तार एकच आहे! मी पडद्याला झोपवताना रीसेट करते, त्यात हीसुद्धा सगळं विसरते."

ताईने दोन्ही ड्रायव्हर सुधारले. आता आम्हा दोघींचाही होकार असल्याशिवाय ती तार खाली येत नाही. तरी शेजारीण पेंगू लागली की माझ्या जीवाची अजून धाकधूक होते.

"काका, बाकीच्या फ्रीजमधून तुम्ही अशाच काढून टाकलेल्या चिप कुठे आहेत?" ताईने विचारले.

काकांनी सळई खाली ठेवली. "भंगारात दिल्या गं. म्हणजे त्या सगळ्या चांगल्याच होत्या."

मित्रांनो, माझ्यासाठी कोणीतरी 'थांबा' म्हणाले. त्यांच्यासाठी कोणी म्हणाले नाही. म्हणून विनवते, कोणालाही निकामी ठरवण्याआधी, तुमची पाठ वळल्यावर त्याचे काय होते, तेवढे तरी बघा.