दुबईचा मालक

माझा भाचा अर्जुना दुबईला होता तेव्हा मी त्याला एकच पत्र लिहिलं, आणि त्या एका पत्रानं त्याचं वाटोळं केलं. हे मी आता कुणी विचारलं तर सरळ सांगतो. कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी. गावात अजून मला बाळासो मालक म्हणतात आणि मालकाला असलं विचारायचं नसतं, अशी आमच्याकडची समजूत आहे.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, माळावर. पाऊस आला तर आला. त्यामुळं आमच्या तालुक्यातली माणसं दोन पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणि जुने दागिने घ्यायचे, भट्टीत वितळवायचे, तेजाबात घालायचे आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढून द्यायचं. हिंदुस्थानातलं कुठलंही मोठं गाव घ्या, तिथल्या सराफकट्ट्यामागच्या बोळात आमच्याकडचा एक तरी माणूस धुरात डोळे चोळत बसलेला सापडेल. मी सेलमला बावीस वर्षं बसलो.

या धंद्याची एक रीत आहे. नवा माणूस मालकाबरोबर परमुलखात जातो तो मोकळ्या हातानं. खाणं, कपडा, दुखणंखुपणं मालकाचं. पगार किती, कधी, हे त्यानं विचारायचं नसतं. जे काही असेल ते मालकाकडं जमा राहतं, आणि पाच-सहा वर्षांनी तो लग्नाला गावी निघाला की मालक त्याला एकरकमी देतो, वर एखाद्या गावात दुकान टाकून देतो. मधेच ज्यानं हात पसरला तो धंद्यातून उठला. आणि जो मालकाला सोडून पळाला त्याला तर पोरगी सुद्धा कुणी देत नाही.

मीही असाच वर आलो. अर्जुनाही माझ्याकडं असाच राहिला. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, धोंडुबाईचा, एकुलता एक. बाप गेल्यावर मी त्याला सेलमला नेला. सहा वर्षांत त्यानं माझ्याकडं चपलेला सुद्धा पैसे मागितले नाहीत. तळवा फाटला तरी तसाच चालायचा. मला त्याचं कोण कौतुक! त्याच कौतुकापोटी मी माझी मनू त्याला द्यायची ठरवली. मामाची पोरगी भाच्याला, यात आमच्याकडं नवल काही नाही. सुपारी फुटली, साखर वाटली. मनू तेव्हा सतरा वर्षांची होती. अर्जुनाचं नाव निघालं की ती उठून परसात जायची, आणि तिची आई रंगुबाई माझ्याकडं बघून हसायची.

तेजाबाच्या वाफेनं माझी छाती धरली, तेव्हा चौऱ्याहत्तर साली मी दुकान चुलतभावाच्या हवाली करून गावी आलो. आता अर्जुनाला दुकान टाकून देणं माझं काम होतं. पण जागा कुठं होती? ज्या गावाला पत्र टाकावं तिथं आमचेच तिघं बसलेले. अशात मुंबईच्या सोनेबाजारातल्या माझ्या ओळखीच्या एका दलालानं निरोप धाडला. दुबईच्या एका सोन्याच्या व्यापाऱ्याला गलाईचा कारागीर पाहिजे. तिकीट तो धाडेल, राहण्याखाण्याचं तो बघेल आणि तिथल्या सरकारात जामीनही तोच राहील. अशा जामिनाला तिकडं कफील म्हणतात.

मी म्हटलं, कफील म्हणजे मालकच की! नाव नवं, रीत आपलीच.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर अर्जुनाला मुंबईच्या गाडीत बसवायला मी कराडपर्यंत गेलो. गाडीला वेळ होता म्हणून पीरमहंमदच्या दुकानात टेकलो. पीरमहंमद तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापारी, माझा जुना दोस्त. त्याचा मेव्हणा चार वर्षं बहारीनला राहून आलेला. पीरमहंमदनं चहा मागवला, अर्जुनाचा दुबईचा कागद उलटसुलट बघितला आणि मला विचारलं,

"बाळासो, ह्यो कफील तू बघितलाईस?"

"न्हाई."

"त्या मुंबईच्या दलालानं?"

"त्येनंबी न्हाई. पर सोताच्या पैशानं तिकीट धाडलंय गड्या त्येनं. बिनवळखीच्या माणसाला तिकीट कोण धाडतंय?"

"मीबी त्येच इचारतोय," पीरमहंमद म्हणाला. "बिनवळखीच्या माणसाला तिकीट कोण धाडतंय?" मग तो अर्जुनाकडं वळला. "पोरा, दोन गोष्टी ध्येनात ठेव. पासपोर्ट हातचा सोडू नगंस. आन् म्हैन्याचा पगार म्हैन्याच्या म्हैन्याला मागून घे. लाजू नगंस."

माझं डोकंच फिरलं. माझ्यासमोर माझ्या माणसाला मालकाकडं मागायला शिकवतो!

"तू भांडी इक, पीरमहंमद," मी म्हणालो. "गलाईतलं आमाला शिकवू नगंस."

तो हसला. अर्जुना खाली मान घालून चहा पीत होता. ऐकत होता दोघांचंही, पण मानायचं कुणाचं हे त्याचं सहा वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

पोचल्याची खुशाली आली. काम बरं आहे, मालक बोलायला गोड आहे, बरोबर तीन मलबारी आहेत, असं होतं. मनूला मी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

आठ महिन्यांनी दुसरं पत्र आलं. ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही. त्यात लिहिलं होतं, "मामा, पगाराचं अजून नाव नाही. पासपोर्टही मालकाकडंच ठेवला आहे. मलबारी दर महिन्याला भांडून आपलं घेतात, आणि पासपोर्टही त्यांनी परत मागून घेतले. मी मागू का? तुम्ही सांगाल तसं."

मी पेटलो. चुलीजवळ बसलेल्या रंगुबाईला म्हणालो, "बघितलंस? वर्साच्या आत पाय फुटलं." आणि त्याच दुपारी पोस्टात जाऊन, तिथल्याच टेबलावर, निळ्या हवाई पत्रावर उत्तर लिहिलं: "मलबाऱ्यांचं मलबाऱ्यांपाशी. तू बाळासोचा माणूस आहेस. मालकाच्या घरी ठेवलेलं कुठं जात नाही. तू मागितलंस तर उद्या माझ्या तोंडाला काळं लागेल. पुन्हा असलं लिहू नकोस."

त्यानं पुन्हा लिहिलं नाही. असलं नाही आणि कसलंच नाही.

पहिले काही महिने मी म्हणायचो, कामात असेल. धोंडुबाई दर बाजारच्या दिवशी यायची, उंबऱ्यावर टेकायची आणि विचारायची, "दादा, काय कागद?" मी मान हलवायचो. सत्त्याहत्तरच्या दसऱ्याला त्या मुंबईच्या दलालाकडनं चिठ्ठी आली. चार ओळींची. तुमचा माणूस त्या कफिलाकडं आता नाही, कुठं आहे ते कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या कुणाला या ओळींचा दुसरा अर्थ लागला असता. एखाद्यानं मुंबई गाठली असती, चौकशी केली असती, नाहीतर कराडला जाऊन पीरमहंमदला विचारलं असतं की तुझा मेव्हणा काय म्हणतो. मला एकच अर्थ लागला, कारण आमच्या धंद्यात त्याला एकच अर्थ होता. अर्जुना मालकाला सोडून पळाला. धोंडुबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आवं दादा, माझं लेकरू तसलं न्हाई." मी तिला म्हणालो, "तुझं लेकरू माझं नाक कापून गेलंय." सख्ख्या बहिणीला, भरल्या घरात. आज आठवलं की कानशिलं तापतात.

मग मी घाई केली. पळालेल्या माणसाच्या नावावर पोरगी किती दिवस बसवायची? पलूसचं स्थळ आलं. बागायतदार, मुलगा साखर कारखान्यात कामाला, माणसं देवभोळी. मी मनूला विचारलं नाही असं नाही. विचारलं. म्हणजे सांगितलं, की मी पलूसला शब्द दिलाय, तुझं काही म्हणणं नाही ना. ती ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, परत उचललं आणि निवडत राहिली. ही तिची कबुली आहे असं मी धरून चाललो. अठ्ठ्याहत्तरच्या माघात लग्न झालं.

वैशाखात अर्जुना आला.

एसटीतून उतरून तो आईकडं न जाता सरळ माझ्याकडं आला, कारण परमुलखातून आलेला माणूस आधी मालकाच्या पाया पडतो. हातात पिशवी सुद्धा नव्हती. केस कापलेले, गालफडं बसलेली. पायावर डोकं ठेवून उठला आणि म्हणाला, "मामा, मोकळ्या हातानं आलोय."

मी त्याला बस सुद्धा म्हणालो नाही. "मालकाला सोडून पळालास?"

तो ओसरीच्या कडेला बसला आणि सांगू लागला. आवाज चढवला नाही, की रडला नाही.

"मी न्हाई मामा. मालक गेला. एक दिस सकाळी कामावर गेलो तर दुकानाला कुलूप. सामान न्हाई, भट्टी न्हाई, कोण न्हाई. मलबारी म्हणालं, ह्येचं दिवाळं निघालंय, आमी दुसरीकडं चाललो, तूबी चल. त्येंच्याकडं पासपोर्ट हुतं. माझा मालकाजवळ. मी म्हणालो, मालक येतील. अकरा दिस त्या कुलपाच्या म्होरं बसलो."

"अकरा दिस?"

"व्हय. तुमीच म्हणायचा नव्हं का, मालक माणसाला टाकत न्हाई."

पुढचं त्यानं थोडक्यात सांगितलं. कागद नाही म्हणून कुणी उघड कामाला ठेवीना. बांधकामावर सिमेंटची पोती वाहिली, पोलीस दिसला की लपायचं. वर्षानं सापडला. तीन महिने कोठडीत काढले, मग बाकीच्या तसल्याच माणसांबरोबर परत धाडला.

"आरं, मग एक पत्र टाकायचं न्हाईस?" मी ओरडलो.

"काय लिवू मामा? मालक मला सोडून गेला असं लिवलं असतं, तर तुमी म्हणला असता, तूच कायतरी केलं असशील."

म्हणालो असतो. अगदी हेच म्हणालो असतो. इतकं खरं माझ्या तोंडावर मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी खांबाला धरून बसलो. सेलमला मी माझ्या माणसांना नीट वागवलं, कारण त्यांच्या आया माझ्या दारात येऊन उभ्या राहू शकत होत्या. माझी आई आणि त्यांच्या आया एकाच विहिरीवर पाण्याला जायच्या. मी एकाला जरी बुडवला असता तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. रीत टिकली होती ती त्या विहिरीच्या जोरावर. दुबईच्या त्या माणसाला कुणाच्या आईचं भय होतं? एवढी साधी गोष्ट पितळेची भांडी विकणाऱ्याला कळली, आणि मला कळली नाही.

"अर्जुना, मनूचं..." मी सुरुवात केली.

"कळलं. एसटीत गावचा धुळा भेटला, त्येनं सांगितलं." तो उठला. "पावणं चांगलं हाईत नव्हं?"

मी हो म्हणालो. तो आईकडं गेला. त्याच्या पाठीकडं बघत मी म्हाताऱ्या बाईसारखा रडलो. रंगुबाई आतून बाहेर आली नाही. तिनं येऊ नये हेच बरोबर होतं.

पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सारखं वाटायचं, मनूला जाऊन खरं सांगावं. आपल्याला टाकून गेला म्हणून ती त्या पोराला मनात शिव्या देत असेल, ते तरी थांबावं. आणि वाटायचं, सांगू नये. तिनं संसार मांडला आहे, तिला दिवस गेले आहेत, आता हे ऐकून ती काय करणार? शेवटी मी पलूसची गाडी धरली.

मनू पडवीत शेंगा फोडत बसली होती. पाणी दिलं, घरची चौकशी केली. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग एकदम म्हणालो, "मनू, अर्जुना आलाय. त्यो पळाला नव्हता गं. त्येचा मालकच पळाला. समदी चूक माझी हाय."

तिचे हात थांबले नाहीत.

"त्यो पळायचा न्हाई, ह्ये मला तवाबी ठावं हुतं," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?" माझा आवाज चढला. जन्माची खोड. "चार म्हैनं थांबा, एवढं जरी म्हणाली असतीस, तर मी..."

मनूनं वर बघितलं. रागानं नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तसं ती म्हणाली, "आबा, तुमच्याकडं आजवर कुणी काय मागितलंय?"

आतून तिच्या सासूनं चहा झाल्याचं सांगितलं. मी चहा प्यालो. गोड होता की कसा होता, सांगता येणार नाही. जावई कारखान्यावर होता, त्याला भेटलो नाही. निघताना मनू फाटकापर्यंत आली. वीस वर्षं ही पोर माझ्या घरात वाढली, आणि तिला काय हवं नको ते मी कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं, हे मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं.

"काय पायजे का गं तुला?" मी विचारलं.

तिनं फाटकाची कडी काढली.

"आता काय नगं, आबा," ती म्हणाली.