पाच नारळ हलकी

तळ्याकाठच्या धर्मशाळेत गर्दी नारळ मोजत होती. तीन झाले, चार झाले. पाचवा ठेवला तेव्हा कुठे मोठ्या तराजूची दांडी सरळ झाली. एका पारड्यात आभा, मांडीवर नारळ. दुसऱ्यात मिठाचं पोतं.

"पोर पाच नारळ हलकी झाली," दयाराम महाराज म्हणाले. "मी काय करतो? मीठ करतं. देहातला दोष ओढून घेतं. दवाखान्यातला काटा मांस मोजतो, माझा तराजू कर्म मोजतो."

शोभाताईंनी हात जोडले. वैशाखात त्यांनी विशीतल्या लेकीच्या, आभाच्या भारंभार, म्हणजे ऐंशी किलो मीठ पोत्यात भरून तोंड स्वतःच्या हातानं शिवलं होतं. आता श्रावण. टाके जसेच्या तसे होते, म्हणजे फसवणुकीला जागाच नव्हती. तरी परवा मुलीच्या कुडत्याची शिवण त्यांना उसवावी लागली होती. ते त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

आभाचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. म्हणूनच डॉक्टरांनी बजावलं होतं, "आज तिला काही दुखत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. तरुणपणी अंगावर राहिलेलं वजन पुढे रक्तदाब आणतं, साखर आणतं, आणि सगळं हृदयावर येतं. रोज चालू द्या. जेवण बदला." महाराजांनी चालणं बंद करवलं. दोष घामावाटे परत अंगात मुरतो म्हणे. वर रोज प्रसादाचे दोन लाडू.

रांगेत मागे हौसा होती, उरणकडच्या मिठागरात जन्म गेलेली. तिनं पोत्याचा तळ चाचपला, बोटं चोळून पाहिली.

"ताई, गोनी पावसात हितंच व्हती?"

"हो. का गं?"

"मंग जड व्हनारच. मीठ हवेतलं पानी पितं."

"बाई, श्रद्धा नसेल तर रांग सोड," महाराज म्हणाले.

"श्रद्धा हाय ना. गुडघ्यांसाठीच आलेय मी. पन मिठाला तुमच्यापेक्षा जास्ती वलखते."

शोभाताईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. "समोरच्या वाण्याकडून वीस किलोची चार वजनं आणा," त्या म्हणाल्या. "आभाच्या जागी ठेवा."

"लोखंडाला कसला दोष, ताई?" महाराज हसले.

"तेच बघू या."

वजनं ठेवली. पोतं खालीच राहिलं. वजनांवर नारळ चढू लागले. पाच झाले, सहा झाले. आठव्याला दांडी सरळ झाली.

"लोखंड आठ नारळ हलकं झालं," हौसा म्हणाली. "कंच्या जन्माचं पाप फिटलं म्हनायचं?"

चार जणी हसल्या. शोभाताईंना हसू आलं नाही. लोखंड काही घटत नाही; आठ नारळांइतकं पाणी मीठ प्यालं होतं. आणि आभाला पाचच नारळ पुरले. म्हणजे या तीन महिन्यांत पोर तीन नारळांइतकी वाढली होती.

"तराजू विटाळला," म्हणत महाराज आत गेले. रांग तरी हलली नाही. पुढची बाई दाभणात सुतळी ओवत होती.

आभा पारड्याकडे बघत उभी होती. "आई, बाबांनाही आधी काही दुखत नव्हतं ना?"

"नव्हतं."

मग शोभाताई रांगेकडे वळल्या. "मी सोमवार धरते, चतुर्थी धरते, पुढेही धरीन. देवानं मला कधी फसवलं नाही. मीच विचार करायचा सोडला, आणि माझ्या मुलीचे तीन महिने गेले. बायांनो, पोतं शिवायच्या आधी एकदा कुणाच्या जुन्या पोत्यासमोर लोखंड तोलून बघा. त्यानं देव रागावणार नाही."

दाभणवाली बाई थांबली. बाकीच्या बायका महाराजांच्या दाराकडे बघत राहिल्या. आभा आईचा हात धरून दवाखान्याच्या रस्त्याला लागली, पायीच.