एका हाताने भरायची रायफल

ड्रीमाताईने एल्वुडच्या दुकानात शिरतानाच डावा हात कोटाच्या खिशात घातला आणि मग तो बाहेर काढलाच नाही. मला वाटलं, थंडी वाजत असेल. मी कसला हुशार!

आम्ही रायफल बघायला गेलो होतो, तिच्या नवऱ्यासाठी, हॉबर्टसाठी. तशी घरात एक होती, मार्लिन, त्याच्या लग्नाच्याही आधीची. पण हिवाळ्यात हॉबर्टला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. पाय हळूहळू परतला, काठी टेकत अंगणात येण्याइतका. बोलणंही परतलं, शिव्या तर सगळ्यांच्या आधी परतल्या. हात मात्र आला नाही. तो मांडीवर नुसता पडून असतो.

आमच्या खोऱ्यात रविवारी चर्चहून आलं, घेवडा आणि मक्याचा पाव पोटात गेला, की सगळे ताईच्या घरामागच्या मातीच्या दरडीकडे वळतात. दरडीपुढे फळी, फळीवर रिकामे डबे. शिकार नाही, शर्यत नाही, निव्वळ मजा. त्यासाठी बारीक गोळीच्या पॉइंट टू-टूसारखी बंदूक नाही. आवाज बेताचा, खांद्याला धक्का नाही, चाप दाबला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाजूला उडते आणि पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. डबा टणकन उडाला की साठीचा माणूससुद्धा खिदळतो. आणि ह्या खेळात हॉबर्टचा हात धरणारा आमच्यात कुणी झाला नाही. मी त्याला फळीवरचे डबे डावीकडून उजवीकडे असे उडवत जाताना पाहिलंय की मधे श्वास घेतला की नाही अशी शंका यावी.

झटक्यानंतर तो पहिल्यांदा दरडीकडे आला तेव्हा मी म्हटलं, "आणा दाजी, मी भरून देतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, काठी उचलली आणि घरात निघून गेला. ज्याला स्वतःची बंदूक भरता येत नाही त्याने ती हातात धरू नये, असं त्यानेच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. त्यानंतर दर रविवारी आम्ही बाहेर पडलो की मागच्या खोलीचा पडदा ओढला जायचा.

"पडद्यामागे नुसता बसून असतो," ताई मला गाडीत म्हणाली होती. "जेवण पानात तसंच. हा असाच बसून राहिला तर मला फार दिवस पुरायचा नाही, अर्विल. त्याला दरडीकडे आणायचाय मला."

म्हणून एल्वुडचं दुकान. एका बाजूला कोंबड्यांचं खाद्य, दुसऱ्या बाजूला गळाला लावायची गांडुळं आणि मधल्या भिंतीवर रायफली. मी जाताच सुरू झालो. इथे एक सांगायला हवं: बंदुकीच्या कंपनीवरून आमच्याकडे माणसं दोन प्रकारची, रूगरवाली आणि मार्लिनवाली, आणि मी पक्का रूगरवाला. दोन्ही चांगल्या, हे कुणी शुद्धीत असताना कबूल करत नाही. माझ्या रूगरची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, आगपेटीपेक्षा जरा मोठी, आत गोल फिरणारी, बंदुकीच्या पोटात अशी बसते की बाहेरून दिसतही नाही. मार्लिनला नळीखाली दुसरी नळी, तिच्यात गोळ्या एकामागे एक ओतायच्या. हॉबर्ट म्हणतो, माझी बंदूक सोपी आणि सरळ मारते, तुझी नुसती नटवायच्या कामाची. मी म्हणतो, तुमची बंदूक नळ दुरुस्त करणाऱ्याने काढलीय. हे भांडण तीस वर्षं चाललंय आणि दोघांनाही ते संपायला नको होतं.

"एल्वुड, खोटी काडतुसं दे रे," माझं भाषण मधेच तोडून ताई म्हणाली. "मला भरून बघायच्यात."

आधी तिने मार्लिन घेतली. दस्ता जमिनीवर, बंदूक गुडघ्यांत, एकाच हाताने वरची पितळी नळी ओढली. तिचा चेहरा बरोबर बंदुकीच्या तोंडावर आला. "ही नाही," म्हणून तिने ठेवून दिली. मग रूगर. मॅगझिन गल्ल्यावर ठेवून ती अंगठ्याने गोळी आत दाबू लागली, तर मॅगझिन सटकली आणि गोळ्या खाद्याच्या पोत्यांखाली.

"दोन हातांनी कर ना ताई!" मी म्हटलं.

"तू गप्प बस. आणि तसाही तो रूगरला हात लावण्यापेक्षा खिळे चावेल."

मग एल्वुडने वापरलेल्यांतली एक जुनी काढली, रेमिंग्टनची, तपकिरी नायलॉनच्या अंगाची, उचलली तर पोकळ वाटावी इतकी हलकी. हिची गोळ्यांची नळी दस्त्यात. ताईने बंदूक उलटी उभी केली, दस्त्याच्या भोकातून एकेक गोळी आत सोडली, गोळ्या रेटणारी दांडी मागून खुपसली, फिरवली. झालं. सगळं एका हाताने. ती वळली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मी तो कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तेव्हा कुठे माझं लक्ष तिच्या खिशाकडे गेलं. एल्वुडचंही गेलं असावं, कारण त्याने टोपी काढली आणि उगाच तिची धूळ झटकू लागला. ही बाई घरून ठरवून आली होती की नवऱ्याकडे जेवढं आहे तेवढ्यातच बंदूक भरून बघायची. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण असं कुणाला सुचतं?

रविवारी जेवणं झाल्यावर तिने ती रेमिंग्टन हॉबर्टच्या मांडीवर ठेवली. तो हरखलाच. "काय हलकी आहे गं! आणि बघ, गंजायचं नाव नाही." चाप, खटका, दस्ता, सगळं बोटांनी चाचपून झालं. "भरायची कशी?"

ताईने दाखवलं. हॉबर्ट बघत राहिला.

"नळीचं तोंड कुठे टेकवलंस?"

"जमिनीवर."

"बाहेर चिखल आहे."

"फळी ठेवू की खाली."

"ड्रीमा, भरताना नळीचं तोंड मी कशावर टेकवत नाही. गुडघ्यांत उलटी धरली तर ते माझ्याच पायावर. आयुष्यभर पोरांवर ह्याच्यासाठी ओरडलो आणि आता मीच?" त्याने बंदुकीवरून हळूच हात फिरवला. "बंदूक झकास आहे. मीच कामाचा उरलो नाही."

ताई स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज येऊ लागला. मला इतका राग आला की तो कुणावर काढावा तेच कळेना. त्या राजस माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी जन्मलो नव्हतो. मी तडक माझ्या गाडीकडे गेलो, रूगर काढली, दरडीपुढच्या बाकावर वाळूच्या पिशवीवर ठेवली, तोंड दरडीकडे. मॅगझिन आणि मूठभर गोळ्या घेऊन परत आलो आणि त्याच्या मांडीवर टाकल्या.

"ही घ्या. भरायची वस्तू इथे, बंदूक तिकडे बाहेर. तोंड कुठे टेकवायचं ही चिंताच नाही. पण राहू द्या दाजी, तुमच्याच्याने व्हायचं नाही. इतकी वर्षं नावं ठेवलीत, आता माझ्या बंदुकीपुढे मान तुकवायला छाती लागते."

"चालता हो," हॉबर्ट म्हणाला.

मी चालता झालो. बाहेर येऊन डबे मांडत बसलो. आम्ही सगळे इकडचं तिकडचं बोलत होतो आणि कुणीच घराकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होतो.

मागचं दार वाजलं. काठी आधी दिसली, मग हॉबर्ट, खिसे गोळ्यांनी फुगलेले. मागे ताई, हात पुसत. तो बाकावर बसला, मॅगझिन दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली आणि अंगठ्याने पहिली गोळी दाबली. गोळी उडून गवतात गेली. दुसरी आत बसली. तिसरी बसली, चौथी निसटली. त्याने गुडघे आणखी आवळले. मला राहवेना. मी पुढे झालो तर ताईने मागून माझा पट्टा धरला आणि असा खेचला की मी जवळजवळ बसलोच. तिची नजर त्याच्या अंगठ्यावरून हलत नव्हती.

अंगठा लालबुंद झाला तेव्हा कुठे मॅगझिन भरली. बंदूक पिशवीवर आडवी करून त्याने ती पोटात बसवली, नळी दरडीकडून तसूभरही न ढळू देता. खटका ओढला, खांदा लावला.

पहिली गोळी मातीत.

"तुझी बंदूक डावीकडे मारते," तो म्हणाला.

"बंदूक सरळ मारते, दाजी. नेम तुमचा."

दुसऱ्या गोळीला डबा उडाला. मग आणखी एक. एक चुकली, पुन्हा एक उडाला. पुंगळ्या उन्हात चमकत गवतात पडत होत्या. पूर्वीसारखं सलग नव्हतं, पण माझ्या डोळ्यांना ते पूर्वीपेक्षा भारी वाटलं. आमच्यातलं कुणीतरी ओरडलं, कुणीतरी टाळ्या पिटल्या. मी नाक शिंकरलं.

शेवटची गोळी सुटल्यावर हॉबर्टने रिकामी मॅगझिन काढली आणि बाकाला टेकवलेल्या काठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठेल, काठी घेईल आणि आत जाईल. त्याने मॅगझिन ताईपुढे धरली.

"भर," तो म्हणाला. "माझा अंगठा दुखतोय."

ताई त्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत तिने त्याच्यासाठी बंदूक कधी भरली नव्हती. मॅगझिन मांडीवर घेऊन ती एकेक गोळी दाबू लागली, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे तिला भोक दिसेना.

"सावकाश," हॉबर्ट म्हणाला. "मी आता आत जात नाहीये."